रोज वीज कडाडणाऱ्या शहरात राहताय? मग हे करून ठेवा

आधी एक घोळ मिटवून टाकू. मराठीत ढगातली पण वीज आणि बोर्डातली पण वीज, त्यामुळे "वीज आली" म्हटलं की नक्की कोण आलं ते कळत नाही. म्हणून इथे वरून पडते ती वीज आणि घरात येते ती लाईट, असं धरून चाला.

मी राहतो ते शहर गरम, दमट, विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ, आणि वर्षातले कितीतरी महिने दुपार झाली की गडगडाट ठरलेला. अशा शहरात नवीन आलेला माणूस पहिला महिना प्रत्येक कडकडाटाला दचकतो आणि सहाव्या महिन्यात तोच माणूस गच्चीवर उभा राहून व्हिडिओ काढत असतो. मला विचाराल तर पहिला बरा. कारण वीज रोजची झाली म्हणून तिचा करंट काही कमी होत नाही, साधारण ३० हजार अँपिअर असतो एका झटक्यात, कधी कधी याच्या कितीतरी पट. मुद्दा घाबरायचा नाहीये, मुद्दा एवढाच आहे की जे काही करायचं ते ढग डोक्यावर यायच्या आधी करायचं असतं, एकदा डोक्यावर कडाडायला लागलं की करण्यासारखं जवळपास काहीच उरत नाही, गप आत बसायचं.

तर पहिलं काम, आपल्या शहराची वेळ ओळखा. सकाळभर ऊन जमीन तापवतं, दमट हवा वर चढते, समुद्र जवळ असेल तर दुपारी तिकडून वारा आत येतो आणि त्या गरम हवेला अजून वर ढकलतो, मग त्या ढगात १०-१५ किलोमीटर उंचीपर्यंत बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आपटून चार्ज वेगळा होतो. म्हणून बहुतेक ठिकाणी दुपार ते संध्याकाळ हाच टाइम. सिंगापूरमध्ये वर्षाला सरासरी १६८ दिवस गडगडाट होतो, म्हणजे जवळपास एक दिवसाआड, आणि तिथेसुद्धा मुख्य धिंगाणा दुपारचाच, फक्त काही महिन्यांत शेजारच्या सुमात्रा बेटाच्या बाजूने वादळाची एक अख्खी रांग पहाटे येते आणि झोपमोड करते. उलट व्हेनेझुएलातल्या माराकाइबो तलावावर, जिथे जगात सगळ्यात दाट विजा पडतात, तिथे खेळ रात्रीचा असतो. तुमच्याकडे काय आहे ते दोन आठवडे नुसतं पहिल्या गडगडाटाची वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवली तरी कळतं. मी लिहिली होती, १४ पैकी ९ दिवस दुपारी ३ ते ५ च्या मध्ये निघाली. त्या दिवसापासून टाकी साफ करणे, गच्चीवरचं काम, पोहणं, पळणं, सगळं सकाळी.

आता मोजणं. हे बऱ्याच जणांना माहीत असतं पण करत कोणी नाही. चमकलं की मोजायला सुरुवात, एक हजार एक, एक हजार दोन असं, आवाज येईपर्यंत. तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर. ९ मोजले म्हणजे तीन किलोमीटर, ३० म्हणजे दहा. आणि ३० च्या आत आवाज आला की तुम्ही टप्प्यात आहात, आत जायचं, शेवटचा आवाज ऐकल्यापासून अर्धा तास बाहेर नाही. अर्धा तास जास्त वाटतो मान्य आहे, पण पाऊस थांबला, ऊन पडलं, लोक बाहेर आले आणि मागून जाणाऱ्या ढगातून एक शेवटची पडली, हे फार होतं. ढगाचा वरचा भाग पसरट होऊन लांबवर गेलेला असतो, वीज त्यातून तिरकी येऊन दहा-पंधरा किलोमीटर लांब, जिथे पाऊसच नाही अशा ठिकाणी पडू शकते.

शहरात मात्र या मोजण्याची एक अडचण आहे. मोकळ्या रानात गडगडाट १५ किलोमीटरवरून ऐकू येतो, इथे खाली ट्रॅफिक, वर एसीची घरघर, कानात इअरफोन, त्यामुळे आवाज ऐकू येतो तोपर्यंत ढग उरावर आलेला असतो. आणि उंच बिल्डिंगांमुळे अर्धं आकाश दिसतच नाही. म्हणून दुसऱ्या खुणा धरायच्या. तासभर घुसमट झाल्यासारखं गरम होत होतं आणि अचानक गार, मातीचा वास असलेला जोराचा वारा सुटला, कागद-पिशव्या उडायला लागल्या, की ढगातली थंड हवा खाली येऊन पसरली असं समजा, आता हातात मिनिटंच आहेत. मोबाईलवर ब्लिट्झऑर्टुंगचा मॅप पण बघत जा, जगभरच्या हौशी लोकांनी घरात रिसीव्हर बसवलेत आणि त्यांच्या सिग्नलवरून वीज कुठे पडली ते लगेच नकाशावर ठिपका होऊन दिसतं. आता रिसीव्हर विरळ असले की बऱ्याच विजा त्यात सुटतात, त्यामुळे नकाशा कोरा आहे म्हणून निवांत व्हायचं नाही, पण ठिपके आपल्याकडे सरकताना दिसले तर विश्वास ठेवायचा.

आत जायचं म्हणजे कुठे, यातच लोक चुकतात. पाऊस लागत नाही ती जागा आणि वीज लागत नाही ती जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बसस्टॉपचं शेड, पत्र्याची टपरी, बागेतली छत्री, उघडा पार्किंगचा मांडव, यात तुम्ही कोरडे राहता, बाकी काही नाही. चालतं ते पक्कं बांधकाम, ज्यात वायरिंग आहे, पाइप आहेत, भिंतीत सळ्या आहेत, कारण वीज पडली तर ती या धातूतून जमिनीत जाते, तुमच्यातून नाही. नाहीतर मग काचा वर केलेली, धातूच्या छताची कार किंवा बस. इथे एक गैरसमज फारच चिवट आहे की टायर रबराचे म्हणून कार सेफ. अहो जी वीज कित्येक किलोमीटर हवा फोडून आली ती टायरच्या वीतभर रबराला काय भीक घालणार. कार सेफ असते ती पत्र्यामुळे, करंट बाहेरून पत्र्यावरून जातो आणि आतल्या माणसाला सोडतो. म्हणूनच बाईकला पण रबराचेच टायर असून काही उपयोग नाही, आणि बाजू उघड्या असलेल्या तीनचाकीला पण नाही. कारमध्ये बसलात तर हात मांडीवर ठेवा, दरवाजाच्या धातूला टेकू नका, बास.

झाड सगळ्यात वाईट. खोडातल्या ओलाव्याची क्षणात वाफ होते आणि साल अक्षरशः फुटून उडते, विजेच्या मार्गातली हवा ३० हजार डिग्रीच्या आसपास तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. आमच्या रस्त्यावरच्या एका झाडावर पडली तेव्हा शेंड्यापासून मुळापर्यंत बोटभर रुंदीची पांढरी पट्टी निघाली होती, जशी कुणी साल सोलून काढावी तशी, आणि सालीचे तुकडे रस्त्याच्या पलीकडे पार्क केलेल्या गाडीवर. खाली उभ्या माणसाला दोन प्रकारे लागतं, एकतर खोडावरून उडी मारून, कारण ओल्या खोडापेक्षा माणसाचं अंग जास्त चांगलं करंट नेतं, नाहीतर मुळांवाटे जमिनीत पसरलेल्या करंटमधून. हा जमिनीतला करंटच जास्त लोकांना मारतो, वीज थेट डोक्यावर पडून जाणारे त्यामानाने कमी. दोन पावलांमध्ये जेवढं अंतर जास्त तेवढा व्होल्टेजचा फरक जास्त, म्हणून चार पायांची जनावरं झाडाखाली एकदम सगळी जातात.

बाहेर अडकलातच आणि जवळ बिल्डिंग नाही, गाडी नाही, तर एकट्या उंच गोष्टींपासून, लोखंडी कुंपण-रेलिंगपासून आणि पाण्यापासून लांब व्हा, चारजण असाल तर एकमेकांत अंतर ठेवा म्हणजे एकाला लागलं तर बाकीचे मदतीला उरतात, आणि चालत राहा, जवळात जवळच्या पक्क्या आडोशाकडे. पूर्वी उकिडवं बसा, टाचा जुळवा वगैरे शिकवायचे, आता बरेच तज्ञ त्यावर भर देत नाहीत कारण त्याने फरक फार थोडा पडतो आणि लोक तिथेच बसून वेळ घालवतात. आडवं तर मुळीच पडू नका. मोबाईल फेकून द्यायची पण गरज नाही, मोबाईल वीज ओढत नाही, ओढते ती उंची, टोकदारपणा आणि एकटेपणा. एम्पायर स्टेट बिल्डिंगवर वर्षाला साधारण २०-२५ वेळा वीज पडते, त्यामुळे "एकदा पडली तिथे परत पडत नाही" हे पण विसरा.

घरात आल्यावर काय करायचं नाही ते पटकन सांगतो. बाल्कनीत उभं राहायचं नाही, खिडकीच्या लोखंडी ग्रिलला धरून बघायचं नाही, आंघोळ आणि भांडी अर्धा तास पुढे ढकलायची (पाइप प्लास्टिकचे असतील तर धोका कमी, पण आतलं पाणी पण करंट नेतं आणि वरच्या मजल्यावर कुठे लोखंडी पाइप जोडलाय ते आपल्याला माहीत नसतं), काँक्रीटच्या बाहेरच्या भिंतीला टेकून किंवा उघड्या फरशीवर आडवं पडायचं नाही कारण आत सळ्या आहेत, वायरवाला टेलिफोन उचलायचा नाही. मोबाईलवर खुशाल बोला, फक्त चार्जरला लावलेला नको. आरसे झाका, धातूची भांडी लपवा, हे सगळं सोडून द्या, त्याने काही होत नाही.

आता पैशाची गोष्ट, म्हणजे घरातली उपकरणं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण मी इथे ठेच खाल्लीय. मागे एकदा ढग येताना बघून मी शहाण्यासारखी राउटरची पिन काढली, टीव्हीची काढली, कॉम्प्युटरची काढली आणि मोठ्या ऐटीत बसलो. पलीकडच्या गल्लीत कुठेतरी पडली, चमक आणि आवाज एकत्रच, खोलीत टिक असा बारीक आवाज झाला, जसा गॅस लायटरचा येतो. नंतर सगळं लावलं तर राउटर मेलेला, कॉम्प्युटरचं नेटवर्क पोर्ट मेलेलं आणि टीव्हीचं एक एचडीएमआय पोर्ट मेलेलं. पिना तर काढल्या होत्या. काढायची राहिली होती ती खांबावरून येणारी इंटरनेटची तांब्याची वायर. ती आली राउटरमध्ये, तिथून लॅन केबलने कॉम्प्युटरमध्ये, तिथून एचडीएमआयने टीव्हीत, एकेक पोर्ट भाजत गेली. तेव्हा नियम असा की लाईटची पिन काढली म्हणजे झालं नाही, त्या वस्तूला बाहेरून येणारी प्रत्येक वायर मोजा, डिशची, केबलची, लॅनची, गच्चीवरच्या कॅमेऱ्याची. फायबर असेल तर बरं, काच करंट नेत नाही, पण काही फायबर केबलमध्ये आधाराला स्टीलची तार असते आणि बॉक्सचा अडॅप्टर तर लाईटवरच असतो, त्याची पिन काढायचीच.

आणि वीज तुमच्या बिल्डिंगवर पडायला लागते असं नाही. किलोमीटरभर लांब पडली तरी तिच्या आसपासच्या लांब वायरींमध्ये क्षणभरासाठी हजारो व्होल्ट तयार होतात आणि ते वायरीवरून घरात येतात. नुसतं स्विच बंद करून हे थांबत नाही, हे पण लोकांना पटत नाही. स्विचच्या आतली फट असते काही मिलिमीटर, कोरड्या हवेत ढोबळमानाने दर मिलिमीटरला ३ हजार व्होल्टला ठिणगी उडी मारते, शिवाय बरेच स्विच एकच वायर तोडतात, दुसरी जोडलेलीच राहते. पिन काढून हातभर लांब ठेवली की विषय संपला. एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, तो पण यातून वाचवत नाही, तो जास्त करंट वाहिला तर पडतो, आणि वीज त्याच्या पडायच्या कितीतरी आधी येऊन गेलेली असते. मात्र एक, डोक्यावर कडाडत असताना पिना काढत फिरू नका, नेमकी त्याच क्षणी वायर हातात नको. राहिली तर राहिली, राउटर परत घेता येतो.

रोज पिना काढणं कंटाळवाणं आहे हे मला मान्य आहे, मी आता टीव्ही, राउटर, सेट टॉप बॉक्स एकाच एक्स्टेंशनवर घेतलेत आणि ती एक पिन हाताला येईल अशी ठेवलीय, लॅन आणि डिशच्या वायरला रंगीत टेप लावलाय, घरातलं कुणीही दोन मिनिटांत तीन गोष्टी उपसू शकतं. फ्रिज, एसी असं जे रोज काढता येत नाही त्यासाठी सर्ज प्रोटेक्टर.

सर्ज प्रोटेक्टर म्हणजे दुकानात मिळणारी लाल दिव्याची पट्टी एवढंच नाही. खरा उपयोगाचा असतो तो घराच्या मेन बोर्डात एमसीबीच्या शेजारी बसतो, त्याला एसपीडी म्हणतात, टाइप २ घरातल्या बोर्डासाठी, टाइप १ बिल्डिंगच्या मेनला जिथे वर वीजरोधक (गच्चीवरची टोकदार दांडी) बसवलाय तिथे, आणि सॉकेटजवळचा तो टाइप ३. हा माणूस करतो काय, तर व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की क्षणात रस्ता उघडून जास्तीचं अर्थिंगकडे, म्हणजे जमिनीत जाणाऱ्या वायरकडे, सोडतो. म्हणजे अर्थिंग नसेल तर त्याने सोडायचं कुठे? तीन पिनांच्या सॉकेटमधलं वरचं भोक नुसतं शोभेला असलेली घरं मी बघितलीत, आत वायरच नाही. आधी वायरमनला अर्थिंग मीटरने तपासायला सांगा, मग पैसे खर्च करा. दुसरं, एसपीडीला येणारी आणि त्याच्यापासून बोर्डातल्या अर्थच्या पट्टीपर्यंत जाणारी वायर आखूड हवी, दोन्ही मिळून अर्ध्या मीटरच्या आत. आमच्याकडे ज्याने बसवला त्याने वायर सुबक दिसावी म्हणून बोर्डाच्या कडेकडेने मस्त वळवून वळवून नेली होती, दिसायला फारच छान, पण वीज इतक्या झटकन वाढते की एक मीटर वायरमागे ढोबळमानाने हजार व्होल्ट जास्तीचे उपकरणापर्यंत पोचतात. परत बोलावून सरळ आखूड करून घेतली, जरा तोंड वाकडं केलं त्याने. आणि तिसरं, ही वस्तू झिजते. प्रत्येक सर्ज खाऊन थोडी थोडी मरते. तिच्यावर छोटी खिडकी असते, हिरवी म्हणजे जिवंत, लाल म्हणजे बदला. महिन्यातून एकदा बघायचं. पट्टीवरचा दिवा विझून दोन वर्षं झालेली आणि "आमच्याकडे सर्ज प्रोटेक्टर आहे" असं सांगणारे लोक आहेत.

बिल्डिंगवरचा वीजरोधक, म्हणजे ती गच्चीवरची टोकदार दांडी आणि खाली जाणारी तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी, ती वीज पळवून लावत नाही, पडली तर तिला खाली जायला सोपी वाट देते एवढंच. भिंत फुटण्यापासून आणि आगीपासून वाचवते, तुमच्या टीव्हीला नाही. कमिटीच्या माणसाला धरून एकदा ती पट्टी वरपासून खालपर्यंत नजरेने बघून घ्या. मी बघितली तेव्हा रंगकाम करणाऱ्यांनी एका जागी क्लॅम्प काढून पट्टी लोंबती ठेवली होती, आणि खाली त्याच पट्टीला कुणीतरी सायकल साखळीने बांधलेली. अजून एक, विजेचं अर्थिंग आणि लाईटचं अर्थिंग वेगळं ठेवलं की जास्त सेफ असं बरेच वायरमन सांगतात, उलट आहे, दोन्ही जमिनीजवळ एकमेकांना जोडलेली पाहिजेत, नाहीतर वीज पडल्यावर एक हजारो व्होल्टवर जातं, दुसरं शून्यावर राहतं आणि मधल्या भिंतीतून, उपकरणातून ठिणगी उडते.

कुणाला लागलीच तर, पहिलं म्हणजे त्या माणसाला हात लावा. त्याच्या अंगात करंट राहिलेला नसतो, ही भीती लाईटच्या शॉकची आहे, जिथे माणूस वायरला चिकटलेला असतो. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करायला सांगा, श्वास बघा, चालू नसेल तर लगेच सीपीआर, छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाब. विजेच्या केसमध्ये हृदय बऱ्याचदा आपलं आपण परत सुरू होतं पण श्वास थांबलेलाच राहतो, म्हणून येत असेल तर तोंडाने श्वास पण द्या. चारपाच जण पडले असतील तर जो मेल्यासारखा दिसतो त्याच्याकडे आधी, कण्हणारा थांबू शकतो. पाय निळे, लुळे पडलेले दिसले तर बहुतेक वेळा काही तासांत परत येतात. विजेचे तडाखे बसलेले दहातले नऊ जण जगतात, पण "मला काही झालं नाही" म्हणून घरी जाऊ देऊ नका, ईसीजी आणि कान तपासायला न्या, पडदा फाटलेला असतो बऱ्याचदा, आणि झोप, विसराळूपणा, चिडचिड असले त्रास नंतर महिन्यांनी पण निघतात. आणि हे सगळं करताना ढग अजून वर असेल तर आधी त्याला आणि स्वतःला आत घ्या.

घरात छोटं पोर असेल तर मोजायचा खेळ करा, आमची पोरगी आता चमकलं की रडायच्या ऐवजी किलोमीटर ओरडते, कधी कधी चुकीचे. कुत्र्यासाठी मात्र काही मोजून चालत नाही, त्याला खिडकी नसलेली खोली, पंखा फुल आणि त्याची जुनी चादर, आणि आधीच आत घ्या कारण घाबरलेलं कुत्रं कुठूनही सुटतं.

वादळ गेल्यावर लाईट आली रे आली की सगळं लावू नका. येताना जाताना दोनदा झटके देते, ट्रान्सफॉर्मरवर कुणीतरी अजून काम करत असतं. पाच मिनिटं एक दिवा नुसता चालू ठेवून बघा, लुकलुकत नसेल तर आधी फ्रिज, मग बाकीचं, राउटर सगळ्यात शेवटी, आधी बाहेरची वायर लावा आणि मग पिन. एसपीडीची खिडकी हिरवी आहे का एक नजर टाका. आणि घड्याळात शेवटच्या गडगडाटापासून अर्धा तास झाल्याशिवाय गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला कुणाला पाठवू नका, ते असेही भिजलेलेच आहेत.